'नोटा'ला मिळालेली दोन लाख मते काय सांगतात?

मे २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या वेळी, इंदुरातल्या रामबाग आणि राजेंद्रनगर भागातल्या मराठी घरांत मत कोणाला द्यायचे याच्या जोडीने आणखी एक प्रश्न वारंवार विचारला जात होता: 'नोटा' म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबल्याने नक्की होते काय? अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे २९ एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली आणि पक्षाने मतदारांना 'नोटा'चे आवाहन केले. निकालात भाजपचे शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मते मिळाली. 'नोटा'ला २,१८,६७४ मते पडली, तर उमेदवारांमध्ये दुसरे आलेले बसपचे उमेदवार ५१,६५९ मतांवर थांबले. 'नोटा'ची याआधीची सर्वाधिक मते २०१९ मध्ये बिहारच्या गोपालगंज मतदारसंघातली होती आणि ती ५१,६६० होती.

आपल्याकडे ज्याला इतर प्रत्येक उमेदवारापेक्षा अधिक मते मिळतात तो निवडून येतो, त्यासाठी निम्म्याहून जास्त मतांची अट नाही. या मोजणीत 'नोटा' हा उमेदवार धरला जात नाही, म्हणून लोकसभेच्या निवडणुकीत त्याला सर्वांत जास्त मते पडली, तरी उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच विजयी ठरतो. अनामत रक्कम वाचवण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात आणि त्या हिशेबातही 'नोटा' येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये हा पर्याय यंत्रावर देण्याचा आदेश दिला तो मुख्यतः गुप्ततेच्या रक्षणासाठी. त्यापूर्वी मत नाकारणाऱ्याला केंद्रावरच्या अधिकाऱ्याला तसे सांगून नोंदवहीत सही करावी लागे, आणि त्यामुळे त्याचा नकार उघड होई. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८ मध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुकांपुरते 'नोटा'ला काल्पनिक उमेदवार मानून, तो पहिला आल्यास फेरनिवडणूक घेण्याचे ठरवले. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने नकाराला परिणाम जोडला.

२०१९ मध्ये इंदुरात काँग्रेसला ५,२०,८१५ मते होती, त्यामुळे त्यांतलीच काही मते 'नोटा'कडे गेली असे म्हणण्याचा मोह होतो. तसे घडले असणे शक्य आहे. परंतु केवळ एकूण बेरजांवरून एकेका मतदाराचे वर्तन ठरवता येत नाही, हे समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच आकडेवारीनिशी दाखवले होते. 'नोटा' दाबणाऱ्यांत आवाहन पाळणारे असतील, माघारीने दुखावलेले असतील आणि सगळ्याच पक्षांना कंटाळलेलेही असतील. मतपेटी नकार मोजते, पण त्याचे कारण नोंदवत नाही.

एरवी यादीच्या तळाशी दुर्लक्षित राहणारा हा पर्याय घरोघरी चर्चेत आला, त्याचे काही श्रेय माध्यमांकडे जाते. माध्यमांचे अभ्यासक मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल येथील १०० अनिश्चित मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात हे विचारले आणि बातम्यांनी ज्या प्रश्नांवर भर दिला होता तेच बहुतांशी उत्तरांत आले. विचार कशाचा करायचा हे माध्यमे पुष्कळ अंशी ठरवतात, निष्कर्ष कोणता काढायचा हे त्या मानाने कमी. त्याआधी १९४० मध्ये समाजशास्त्रज्ञ लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या एका काउंटीत आढळले होते की प्रचार अनेकांपर्यंत थेट न पोहोचता, बातम्या बारकाईने वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून पोहोचतो. आपल्या गल्लीतही पेपर आधी वाचून संध्याकाळी ओट्यावर 'नोटा'चा नियम समजावून सांगणारे एखादे काका असतातच.