आरसीपी की एचआयएल? आधी बघा, टेबलावर खरं काय आहे

बेळगावात इंजिनिअरिंगच्या फायनल इयरवाल्यांचा व्हायव्हात हमखास घोळ होतो तो रॅपिड कंट्रोल प्रोटोटायपिंग (आरसीपी) आणि हार्डवेअर-इन-द-लूप (एचआयएल) या कंट्रोलर तपासायच्या दोन पद्धतींच्या जोडीपाशी. दोन्हीकडे सिम्युलिंक या सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं मॉडेल, ते चालवणारा तोच रियल-टाइम बॉक्स, त्याच वायरी. स्लाइडवर 'हार्डवेअर-इन-द-लूप' आणि टेबलावर रॅपिड कंट्रोल प्रोटोटायपिंग!

चिकोडी-अथणीकडे कृष्णाकाठच्या उसाला पाणी देणारा थ्री-फेज पंप घ्या. आरसीपीत मोटर, पंप, पाणी सगळं खरं. कंट्रोलर मात्र बॉक्समध्ये चालणारं मॉडेल. गेन (कंट्रोलर किती जोरात प्रतिसाद देतो तो आकडा) बदलला की लगेच चालवून बघायचं. कंट्रोलरचा बोर्ड अजून बनलेलाच नसतो.

एचआयएलमध्ये उलटं. बाजारात जाणारा बोर्ड खरा, त्यातला कोड खरा. मोटर, पाइप आणि लाइटची लाइन हे बॉक्समधलं गणित. सीटीकडून (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडून) यायचा सिग्नल बॉक्सच पाठवतो, बोर्डाला पत्ताही लागत नाही.

एचआयएलचं खरं मोल बिघाडात. चालत्या मोटरीचा एक फेज गेला तरी ती लगेच थांबत नाही, घोंघावत ओढत राहते. उरलेल्या दोन फेजांतला करंट सुमारे पावणेदोनपट होतो आणि वाइंडिंग जळतं. हे खऱ्या मोटरीवर पुन्हा पुन्हा तपासलं तर चांदी रिवाइंडिंगवाल्याची. एचआयएलमध्ये फेज हवा तेव्हा घालवा: फुल लोडवर, सुरू होता होता, व्होल्टेज पडलेलं असताना. बोर्डाने किती वेळात ट्रिप केलं तेवढं टिपायचं.

रियल-टाइम म्हणजे नुसतं फास्ट नव्हे. प्रत्येक स्टेपचा (मॉडेलच्या एका वेळ-टप्प्याचा) हिशेब ठरल्या वेळेत संपलाच पाहिजे; एकदा जरी उशीर झाला तरी ओव्हररन. म्हणून स्टेप फिक्स्ड ठेवतात, आणि ती केवढी यावर या दोघांचे रस्ते वेगळे होतात. पंप व्हीएफडीवर (मोटरीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) आहे, स्विचिंग 10 किलोहर्ट्झचं आहे असं धरा. आरसीपीत कंट्रोलरने दर 100 मायक्रोसेकंदांनी एक निर्णय दिला की भागतं. ड्राइव्हमधले स्विच चालू-बंद करणारे पल्स काढायचं काम टायमरचं. एचआयएलच्या मॉडेलला मात्र त्या 100 मायक्रोसेकंदांच्या आत पल्स नेमका कधी चढला, कधी उतरला ते पकडायचं असतं. त्यासाठी स्टेप एक मायक्रोसेकंदाच्या आसपास आणावी लागते आणि काम बहुधा एफपीजीएवर (आतलं सर्किट हवं तसं घडवता येणाऱ्या चिपवर) जातं. त्यामुळे आरसीपीत आरामात चाललेला बॉक्स त्याच पंपाच्या एचआयएलला हात टेकतो, यात बॉक्सचा काही दोष नाही.