कॅसेट कॉम्प्युटरवर घेताय? आधी बारका स्क्रू ड्रायव्हर शोधा

आजीच्या आवाजातली एक कॅसेट होती, सी-६०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांची, एका बाजूला आजी गोष्ट सांगतेय आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी रेडिओवरची गाणी भरून ठेवलेली. ती मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर घेतली तेव्हा आजी तोंडाला पदर लावून बोलतेय असं वाटत होतं. मग सगळे करतात तेच मी पण केलं, सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, वाढवला. ट्रेबल वाढला खरा, पण आजीचा नाही, टेपच्या सूंऽऽ आवाजाचा. मग तो सूं घालवायला नॉइज रिडक्शन मारलं तर आजी पाण्याखालून बोलायला लागली. दोन संध्याकाळी अशा गेल्यावर कळलं की भानगड कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच, टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा (हेड म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग) एक बारका स्क्रू किंचित फिरलेला होता, बस.

म्हणून हा लेख. कॅसेट डिजिटल करायची म्हटलं की लोक कुठलं सॉफ्टवेअर, किती बिट, कुठला फॉरमॅट यावर तासन्‌तास वाद घालतात, पण आवाज चांगला येणार की कोंदट हे बहुतेक वेळा वायर कॉम्प्युटरला लावायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

थोडं मागे जाऊ. कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात आणली, लू ओटेन्स नावाच्या इंजिनिअरच्या टीमने बनवलेली. कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा आधी घेतला आणि त्या मापात सगळं बसवायचं ठरवलं असं ओटेन्सबद्दल सांगतात. आता खिशात मावायचं म्हणजे टेप अरुंद पाहिजे आणि हळू फिरली पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत संपेल. म्हणून टेपची रुंदी जेमतेम ३.८ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतली मोठी रिळं सेकंदाला ३८ सेंटिमीटरने पळतात, म्हणजे आठपट वेगाने. त्यात कॅसेटच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक, म्हणजे त्या ३.८ मिलिमीटरमध्ये चार जण दाटीवाटीने बसलेत, एकेकाच्या वाट्याला साधारण ०.६ मिलिमीटर. कॅसेटची जवळजवळ सगळी दुखणी या दोन आकड्यांमधून निघतात.

टेप म्हणजे प्लॅस्टिकची पातळ फीत आणि त्यावर आयर्न ऑक्साइडच्या सुईसारख्या बारीक कणांचा लेप. रेकॉर्ड करताना हे कण आवाजाच्या चढउताराप्रमाणे चुंबकित होतात, वाजवताना तीच फीत हेडसमोरून सरकते आणि हेडच्या कॉइलमध्ये बारीकसा व्होल्टेज तयार होतो, शाळेत फॅरेडेचा नियम शिकलो तोच. हेडमध्ये एक उभी फट असते, एक-दोन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर विचार करा किती बारीक. या फटीसमोर जे येईल तेच हेडला ऐकू येतं. आणि तो सूंऽऽ आवाज? कणांची मांडणी काही शिस्तीत नसते, त्यातून येतो. फीत हळू आणि ट्रॅक अरुंद म्हणजे एका क्षणी फटीसमोर कणच कमी, जितके कण कमी तितका सूं जास्त.

आता त्या स्क्रूकडे येऊ. १०,००० हर्ट्झचा (सेकंदाला तितकी कंपनं) आवाज, म्हणजे बोलण्यातला ‘स’ जिथे सळसळतो तो भाग, टेपवर किती लांब पसरतो? वेगाला वारंवारतेने भागा, ४.७६ मायक्रॉन येतात. म्हणजे टेपवर ४.७६ मायक्रॉनच्या उभ्या चुंबकी रेघा ओळीने काढल्यात असं समजा. हेडची फट या रेघांना अगदी समांतर असेल तर सगळं ठीक. पण फट जरा कलली की तिचं वरचं टोक एका रेघेवर आणि खालचं टोक पुढच्या रेघेवर, मग अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. ०.६ मिलिमीटरच्या ट्रॅकवर पाव अंश कल म्हणजे २.६ मायक्रॉनचा फरक, अर्ध्या लांबीपेक्षा जास्त, आवाज तिथेच पडायला लागतो. आणि जुन्या मोनो टेपरेकॉर्डरचं हेड दोन्ही ट्रॅक मिळून दीड मिलिमीटर एकदम वाचतं, तिथे तर पाव अंशाच्या आतच १०,००० हर्ट्झ चक्क शून्य होतो. पाव अंश डोळ्याला दिसतसुद्धा नाही हो! या कोनाला अ‍ॅझिमुथ म्हणतात. आणि जे हेडने उचललंच नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार, माझं ट्रेबल वाढवणं म्हणजे रिकाम्या भांड्यात डाव फिरवणं होतं.

अजून एक गोची अशी की ‘बरोबर’ कोन एकच नसतो. ज्या मशीनवर कॅसेट भरली तिचं हेड वाकडं असेल तर रेघाही वाकड्याच पडल्यात, मग तुम्हाला तुमचं हेड तितकंच वाकडं करायला लागतं. प्रत्येक कॅसेटला वेगळं, कधी कधी एकाच कॅसेटच्या दोन बाजूंना पण वेगळं.

करायचं कसं ते सांगतो, फार अवघड नाही. हेडच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, त्यातला एक घट्ट बसवलेला आणि दुसऱ्याखाली बहुतेक वेळा छोटी स्प्रिंग दिसते, तो स्प्रिंगवाला आपला. बऱ्याच मशीनमध्ये कॅसेटच्या झाकणाची पुढची पट्टी काढली की प्ले चालू असतानाच तिथे स्क्रू ड्रायव्हर पोचतो (स्क्रू ड्रायव्हर शक्यतो चुंबक नसलेला घ्या). स्क्रूची आधीची जागा मार्करने खूण करून ठेवा. मग डावा-उजवा चॅनेल एकत्र करून, म्हणजे मोनो करून, हेडफोनवर ऐकत स्क्रू अगदी हळू फिरवा, एका वेळी फेऱ्याचा सोळावा भाग वगैरे, त्याच्यावर नाही. मोनो का, तर कोन चुकला की डाव्या-उजव्या ट्रॅकमध्ये वेळेचा बारीक फरक पडतो आणि दोन्ही एकत्र केले की वरचे सूर एकमेकांना मारतात, त्यामुळे चूक कानाला मोठी होऊन ऐकू येते. सूं आवाजाकडेच लक्ष दिलं तरी चालतं, तो आधी मंद वाटतो, मग एका जागी एकदम झळझळीत होतो आणि त्याच्या पुढे गेलं की परत मंदावतो. ती झळझळीत जागा आपली. माझ्या आजीच्या कॅसेटला पाव फेऱ्यापेक्षा कमीच फिरवावं लागलं, आणि ‘शेवटी’ मधला ‘श’ जो आतापर्यंत ‘ह’ सारखा येत होता तो एकदम श झाला, मी तिथेच थांबलो आणि तेवढंच वाक्य तीन-चारदा मागे घेऊन ऐकलं.

हे सगळं करायच्या आधीची दोन कामं राहिली सांगायची. पहिलं म्हणजे कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलंच जाणार नाही. दुसरं, हेड, फीत ओढणारा लोखंडी दांडा आणि त्याला चिकटणारा रबरी रोलर हे तिन्ही पुसून घ्या, हेड आणि दांड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा चालतो, रबराला फार अल्कोहोल नको. बोळा तपकिरी झाला तर दचकू नका, तो जुन्या टेपांचा लेपच असतो.

कॅसेट स्वतः पण तपासा. आतमध्ये हेडसमोर फेल्टचा छोटा तुकडा असतो, फितीला हेडवर दाबून धरणारा, त्याचा डिंक वाळून तो पडलेला असेल तर आवाज येतो-जातो करत राहतो. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटच्या डब्यात रिळं बदलून हे सुटतं, डबा स्क्रूचा असेल तर सोपं, चिकटवलेला असेल तर जपून फोडावा लागतो. सी-१२० असेल तर खास सांभाळा, तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉनची (सी-६० ची साधारण दुप्पट जाड), ती मशीनला गुंडाळायला टपलेलीच असते. बरीच वर्षं न वाजवलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात.

डॉल्बीचं, म्हणजे सूं कमी करणाऱ्या सोयीचं, बटण असेल तर एक गोष्ट. डॉल्बी बी भरताना हळू आवाजातले वरचे सूर १० डेसिबलपर्यंत (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) फुगवतं आणि वाजवताना तितकेच दाबतं, त्याबरोबर सूंही दबतो. पण किती दाबायचं हे ते वरच्या सुरांच्या जोरावरूनच ठरवतं, त्यामुळे अ‍ॅझिमुथ चुकला की डॉल्बी आणखीनच चुकतं. म्हणून आधी स्क्रू, मग डॉल्बी. आणि कॅसेट डॉल्बीत भरलीच नसेल तर बटण बंद.

वायरीचं फार काही नाही. डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या मशीनच्या, लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये. माइकच्या जॅकमध्ये घालू नका, तो काही मिलिव्होल्टची अपेक्षा करतो आणि लाइनमधून त्याच्या शंभरपट वगैरे येतं, आवाज फाटतो, शिवाय माइकचा जॅक बऱ्याचदा मोनो असतो. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर यूएसबीला लागणारा साधा ऑडिओ इंटरफेस घ्या. डेकला फक्त हेडफोनचं भोक असेल तर तेही चालतं, व्हॉल्यूम मध्यावर ठेवून.

आता बिट आणि किलोहर्ट्झ. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजलं की काही हरवत नाही, म्हणून सीडीचा आकडा सेकंदाला ४४,१०० मापं. १६ बिट म्हणजे प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर, त्यातून साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. कॅसेटचा स्वतःचा पल्ला ५० ते ६० डेसिबल. म्हणजे १६ बिट भरपूर झाले, १९२ किलोहर्ट्झवर घेणारे सूं आवाजाचं हाय-रेझोल्यूशन चित्र काढतायत असं माझं मत आहे. तरी मी २४ बिट लावतो ते एवढ्याचसाठी की लेव्हल खाली ठेवता येते. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर काही नाहीच, टेप थोडं ओव्हर झालं तरी सांभाळून घेते, इथे लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो परत येत नाही. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ च्या आसपास राहील असं बघा.

ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर यासाठी पुरतं. रेकॉर्ड दाबा, प्ले दाबा आणि बसा, ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १०.६ एमबी, तासाला ६३५. फ्लॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये केलं तर बरीच जागा वाचते आणि आवाजाचं काहीच जात नाही, एमपी३ नातेवाइकांना पाठवायला ठेवा. आणि ही पहिली कच्ची फाइल तशीच बाजूला ठेवायची, काय काटछाट करायची ती कॉपीवर.

नॉइज रिडक्शन वापरायचंच तर हात आखडता ठेवा. कोणी बोलत नसतानाचा दोन-तीन सेकंदांचा नुसता सूं निवडून सॉफ्टवेअरला दाखवायचा, मग ते आवाजाचे शेकडो बारीक पट्टे करून ज्या पट्ट्यातला जोर त्या सूंच्या पातळीइतकाच आहे तो दाबतं. १२ डेसिबलच्या पुढे गेलात की काही पट्टे चालू-बंद व्हायला लागतात, तोच तो पाण्याखालचा किणकिणाट. मी ६ वर थांबतो.

शेवटची गोष्ट वेगाची, आणि ही मला सगळ्यात भारी वाटते. आजीची कॅसेट भरली तेव्हा टेपरेकॉर्डर विजेवर चालला होता, म्हणजे विजेचा ५० हर्ट्झचा घूंऽऽ बारीक का होईना टेपवर उतरलेला असणार (काही देशांत तो ६० असतो). ऑडॅसिटीत शांत भाग निवडून स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती जोर आहे त्याचा आलेख, काढला, साइज मोठ्यात मोठा ठेवून, तर दोन टोकं दिसली. एक बरोब्बर ५० वर, ते माझ्या आत्ताच्या डेकचं. दुसरं ५१.५ वर, शेजारी १०३ वर त्याचंच भावंड. म्हणजे ते जुनं मशीन हळू फिरत होतं आणि माझ्याकडे टेप ३ टक्के जास्त वेगाने वाजत होती, पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने वर. वेग तेवढा कमी केला. आजीचा आवाज मला आठवत होता त्यापेक्षा जरा जाडच निघाला, मावशीला ऐकवला तर ती म्हणाली, अरे हाच, तू ऐकलास तो म्हातारपणचा.