थंड इंजिनाची तपासणी

जुनी मोटारसायकल पाहायला जाण्यापूर्वी मालकाला फोनवर एक विनंती आवर्जून करावी : आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. अंगणात पोहोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून पाहावा, आणि ते कोमट लागले तर सौदा दुसऱ्या दिवशी सकाळवर टाकावा. इंजिनाचे अनेक दोष ते थंड असतानाच उघडे पडतात आणि पाच मिनिटे चालल्यावर झाकले जातात.

सुरू करण्याआधी ऑईल पाहावे. ते दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यामुळे या भागात ही तपासणी मी कधीच चुकवत नाही.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात बरेचसे पेट्रोल थेंबांच्या रूपात इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या भिंतींना चिकटून राहते, म्हणून चोक ओढून हवा कमी करावी लागते. दोन-तीन मिनिटांनी चोक बंद केल्यावरही गाडी एका लयीत चालली पाहिजे. चोक बंद करताच ती बंद पडत असेल, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा जास्त मिळते आहे. पहिले कारण कोकणात फार आढळते. मालक मुंबईला आणि गाडी पावसाचे चार महिने पडवीत ताडपत्रीखाली, अशा वेळी कार्ब्युरेटरमधल्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातल्या, पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे उरलेला चिकट थर अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असलेले स्लो जेटचे, म्हणजे रेस न देता चालताना पेट्रोल पुरवणाऱ्या तोटीचे, छिद्र बुजवतो. हा दोष साफसफाईने जातो. त्यासाठी चांगली गाडी सोडू नये.

दुसरे कारण शोधायला थोडी चिकाटी लागते. देवरुखजवळ पाहिलेल्या एका गाडीचे इंजिन रेस सोडल्यावरही बराच वेळ चढ्या आवाजात फिरत राही. मालक म्हणाले, “स्क्रू जरा फिरवला की बसेल.” कार्ब्युरेटर आणि हेड (सिलिंडरचा वरचा भाग) यांच्यामधला रबरी जोड मी दोन बोटांनी दाबून धरला आणि आवाज तत्काळ खाली आला. जोड वाकवल्यावर खालच्या बाजूला केसासारखी चीर दिसली. तिच्यातून जादा हवा आत जात होती.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. तेथे चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा लागतो का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, एवढे पाहावे. तो मुळीच लागत नसेल, तर कोणीतरी तो मुद्दाम काढला असण्याची शंका घ्यावी.

सकाळी मिसिंग (इंजिनाचे ठोके मधूनमधून चुकणे) आणि दुपारी सगळे सुरळीत, असा प्रकार असेल तर ठिणगी पाडणाऱ्या प्लगची टोपी उघडावी. खाऱ्या वाऱ्याने तिच्यावर आणि वायरीवर मिठाचा सूक्ष्म थर बसतो. कोरडा असताना तो निरुपद्रवी असतो, परंतु दमट हवेत ओलावला की वीज वाहून नेतो, आणि प्लगकडे निघालेला हजारो व्होल्टचा दाब वाटेतच इंजिनाच्या धातूत उतरतो. तिन्हीसांजेला अंधारात ही निळसर ठिणगी डोळ्यांनी दिसू शकते.

धुराबाबत मात्र घाई करू नये. एक लिटर पेट्रोल जळल्यावर जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, आणि थंड सकाळी त्याची पांढरी वाफ सायलेन्सरमधून येणारच. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे, आणि खर्च मोठा आहे. ते कोठून येते हे समजण्यासाठी गाडी तापल्यावर जवळच्या घाटात न्यावी. चढावर सतत निळा धूर निघत असेल, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. उतारावर रेस सोडून, गाडी गिअरमध्येच ठेवून उतरताना सिलिंडरमध्ये हवेचा दाब फार कमी होतो आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हजवळ ऑईल अडवणाऱ्या रबरातून) ऑईल आत ओढले जाते. उतार संपताच पुन्हा रेस दिली की ते एकदम जळते आणि निळा लोट उठतो. चालवणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून मागे कोणालातरी बसवावे आणि नेमक्या त्या क्षणी सायलेन्सरकडे पाहायला सांगावे.