फ्रेमला न जुळणारा डिस्क ब्रेक कॅलिपर बसवून घेण्यापूर्वी

ऑनलाइन मागवलेला किंवा पुण्या-मुंबईहून आणलेला डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती दोन पॅडमध्ये दाबून धरणारा भाग, माउंटन बाईकला बसवून घेण्यासाठी आमच्या रत्नागिरीतील कार्यशाळेत येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांना, तो आपल्या फ्रेमवर थेट बसत नाही हे येथे आल्यावरच कळते. अशा वेळी कॅलिपर सदोष नसतो आणि फ्रेमही सदोष नसते. दोघांवरील बोल्टच्या जागा वेगळ्या पद्धतीच्या असतात, इतकेच. कोणती जोडी जुळवता येते, कोणती येत नाही आणि कोणते काम आम्ही मजुरी मिळत असूनही नाकारतो, हे खरेदीपूर्वीच समजावे म्हणून हे पत्रक दिले आहे.

फ्रेमवर प्रामुख्याने तीन पद्धती आढळतात. जुन्या फ्रेमवर बहुधा आयएस माउंट असतो, म्हणजे मागच्या चाकाच्या आसाजवळ धातूचा एक चपटा कान, त्यात ५१ मिलिमीटर अंतरावर आटे नसलेली दोन भोके, आणि बोल्ट आसाला समांतर, बाजूने जाणारे. पोस्ट माउंटमध्ये आटे फ्रेममध्येच पाडलेले असतात, भोकांतील अंतर ७४ मिलिमीटर असते आणि बोल्ट चकतीच्या पातळीला समांतर जातात. तिसरा फ्लॅट माउंट शिमानो कंपनीने २०१४ मध्ये रोड बाईकसाठी आणला; त्यात मागचा कॅलिपर चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या आसाकडे जाणाऱ्या नळीवर) सपाट बसतो, बोल्ट खालून फ्रेममधून वर येतात आणि त्यांच्यातील अंतर ३४ मिलिमीटर असते. हा प्रकार आता काही हलक्या माउंटन बाईकवरही दिसू लागला आहे. बाजारात मिळणारे माउंटन बाईकचे कॅलिपर मात्र जवळजवळ सगळे पोस्ट माउंटचेच असतात, त्यामुळे प्रश्न बहुतेक वेळा पोस्ट माउंट कॅलिपर दुसऱ्या पद्धतीच्या फ्रेमवर बसवण्याचा असतो.

आयएस फ्रेमवर तो बसवणे सर्वांत सोपे आहे, कारण त्यासाठीचे ॲडॉप्टर, म्हणजे दोघांच्या मध्ये बसणारे जोडतुकडे, सहज मिळतात आणि ते भरवशाचे असतात. ॲडॉप्टरवरील आकडे मात्र नीट वाचावे लागतात. एकाच तुकड्यावर ‘पुढे १८०, मागे १६०’ अशा अर्थाची खूण असते, कारण आयएस पद्धतीत मागच्या कानाची मूळ जागा पुढच्यापेक्षा २० मिलिमीटरने लहान चकतीसाठी ठरवलेली असते. फक्त ‘१८०’ हा आकडा पाहून तो मागे बसवला, तर कॅलिपर १० मिलिमीटर खाली येतो आणि १८०ची चकती त्याच्या अंगावर घासते. फ्लॅट माउंट फ्रेमवर पोस्ट माउंट कॅलिपर बसवण्याचे ॲडॉप्टरही मिळतात, परंतु चेनस्टे आणि सीटस्टे (सीटखालून मागच्या आसाकडे येणारी नळी) यांच्या मधल्या अरुंद कोपऱ्यात चार पिस्टनचा जाड कॅलिपर मावेलच असे नाही. म्हणून फ्रेम समोर ठेवून मापे घेतल्याशिवाय आम्ही होकार देत नाही. जुना, थेट आयएस पद्धतीचा कॅलिपर पोस्ट माउंट फ्रेमवर बसवण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. तेवढ्या खटाटोपापेक्षा साधा पोस्ट माउंट कॅलिपर घेणे शहाणपणाचे आहे.

ॲडॉप्टरबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी : तो कॅलिपरला आसापासून दूर नेऊ शकतो, जवळ आणू शकत नाही. फ्रेमचा पोस्ट माउंट १६० मिलिमीटर व्यासाच्या चकतीसाठी असेल तर १८०ची चकती बसवण्यासाठी कॅलिपर १० मिलिमीटर, म्हणजे व्यासातील फरकाच्या निम्म्याने, बाहेर सरकवला की काम होते. पण फ्रेम मुळातच १८०ची असेल, तर तिच्यावर १६०ची चकती कोणत्याही ॲडॉप्टरने बसत नाही, आणि माउंट कानशीने घासून ती बसवून देण्याची मागणी कितीही आग्रहाने केली तरी आम्ही ती मान्य करत नाही.

मोठ्या चकतीची मागणी आपल्याकडे साहजिकच होते. किनाऱ्याच्या रस्त्याने खाडीवरून सड्यावर (खडकाळ पठारावर) चढायचे आणि लगेच पुढच्या खाडीकडे उतरायचे, असा दिवसभर क्रम चालतो. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरणाऱ्यांची गोष्ट तर वेगळीच. १६०ऐवजी १८०ची चकती घेतल्यास तेवढ्याच बोटांच्या जोरात सुमारे १२ टक्के अधिक रोध मिळतो आणि उष्णता पसरायलाही जास्त धातू मिळतो. मात्र हा वाढीव जोर शेवटी फ्रेमच्या आणि चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या) त्या दोन भोकांवरच येतो. म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या कमाल मापापलीकडे आम्ही जात नाही, आणि मागे २०३ची चकती मागितल्यास ती चेनस्टेला लागते का हे आधी चाक फिरवून पाहतो.

कॅलिपर चुकीच्या उंचीवर बसला आहे हे पॅड पाहून ओळखता येते. तो जास्त बाहेर असेल तर पॅडची बाहेरची कड चकतीला टेकतच नाही, ती न झिजता तशीच उरते आणि काही काळाने दोन्ही पॅडच्या या कडा एकमेकींना भिडून ब्रेक पकड सोडतो. सुरुवातीला सायकल व्यवस्थित थांबत असल्यामुळे हा दोष लक्षात येत नाही, हीच त्यातली अडचण आहे. तो जास्त आत असेल तर पॅड चकतीच्या आऱ्यांवर आदळतात आणि खडखड ऐकू येते.

ॲडॉप्टर लावल्यावर मूळ बोल्ट पुरतात असे समजू नये. सहा मिलिमीटरचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत निदान नऊ-दहा मिलिमीटर आत गेला पाहिजे. तो आखूड असेल तर आटे उपटून निघतात, आणि लांब असेल तर तळाला टेकून ‘घट्ट बसला’ असा खोटा भास देतो. २०० आणि २०३ या चकत्यांच्या त्रिज्येतील दीड मिलिमीटरचा फरक योग्य वॉशरने भरून काढणे मान्य आहे, परंतु दहा मिलिमीटरसाठी वॉशरची चळत रचणे मान्य नाही. माउंटवर रंगाचा जाड थर असल्यास तो आम्ही खास हत्याराने सपाट करून घेतो, कारण तिरक्या पायावर कॅलिपर कधीच मध्यात राहत नाही. शिमानोच्या कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर इतके टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळले जातात. इतर कंपन्यांचे आकडे त्यांच्या पुस्तिकेनुसार घेतले जातात.

ज्या फ्रेमला किंवा चिमट्याला डिस्कसाठी जागाच नाही, तिथे आम्ही नकार देतो. आपल्या बंदरांवर होड्यांचे ॲल्युमिनियम जोडणारे कुशल वेल्डर आहेत आणि ‘एक कान जोडून द्या’ असे सांगितले तर ते जोडून देतीलही. परंतु सायकलच्या फ्रेमची मिश्रधातू उष्णता-प्रक्रियेने कणखर केलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेने त्या जोडाभोवतीचा भाग मऊ पडतो. चिमट्यावर पट्ट्याने आवळून बसवायचे ॲडॉप्टर तर आम्ही दुकानात ठेवतच नाही.

खाऱ्या वाऱ्याचा विचारही करावा लागतो. लोखंडी किंवा स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियमची फ्रेम यांच्यामध्ये खारट ओलावा शिरला की ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते आणि दोन पावसाळ्यांनंतर बोल्ट निघण्याऐवजी तुटतो. म्हणून ॲडॉप्टरच्या सांध्यावर आणि आट्यांवर योग्य लेप लावूनच जोडणी केली जाते. तो आपल्या हाताने लावत असल्यास चकतीला किंवा पॅडला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये.

कॅलिपर जुळला तरी मूठ, म्हणजे हँडलवरील ब्रेकची दांडी, जुळेलच असे नाही. व्ही-ब्रेकची (चाकाची रिम दाबणाऱ्या ब्रेकची) मूठ केबल जास्त ओढते, त्यामुळे कमी ओढीसाठी बनवलेल्या केबल-कॅलिपरबरोबर ती वापरू नये. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या, ब्रेकमध्ये शिमानो मिनरल ऑइल वापरते आणि स्रॅम कंपनीच्या बहुतेक जुन्या मॉडेलांत डॉट द्रव (मोटारीत असतो तसला ब्रेक-द्रव) असतो; एकात दुसरे घातल्यास आतील रबरी सील फुगून निकामी होतात. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे आपल्या दमट हवेत तो दरवर्षी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, बदलून घ्यावा.

कामासाठी येताना केवळ फ्रेम न आणता चाकांसह पूर्ण सायकल, नवा कॅलिपर आणि त्याच्या खोक्यातील सर्व सुटे भाग, अगदी निरुपयोगी वाटणारे वॉशरही, सोबत आणावेत. चकतीचे माप बहुधा तिच्यावरच कोरलेले असते. ते कळवल्यास योग्य ॲडॉप्टर आम्ही आधीच मागवून ठेवू.