गेन वाढवला की गुरगुर जाते?

मोबाइल सर्किटच्या माइकमध्ये गुरगुर आली की अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते प्रमाण) वाढवा, आवाज स्वच्छ होतो, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. गेन वाढला की बोलणं मोठं ऐकू येतं, म्हणून तो पटतोही. पण गुरगुरही तेवढ्याच पटीने वाढते.

टूजीवर बोलताना फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्यांनी प्रक्षेपण करतो. ते माइकच्या तारांत शिरतं, कॅप्सूलमधला (माइकच्या डबीतला) फेट, म्हणजे छोटा ट्रान्झिस्टर, त्याचं डिटेक्शन करतो, म्हणजे त्या रेडिओ लहरींतला चढउतार वेगळा काढतो, आणि २१७ हर्ट्झची गुरगुर उरते.

आधी फ्लाइट मोडवर रेकॉर्डिंग करून पाहा. गुरगुर गेली, तर कारण प्रक्षेपणच. मग कॉल चालू ठेवून कॅप्सूलच्या जागी २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. तरीही गुरगुर राहिली, तर बहुधा बायस सप्लाय (माइकला चालवणारा वीजपुरवठा) किंवा ग्राउंड तपासावं लागेल. बायसच्या वाटेवर १ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडचा फिल्टर टाका. रेझिस्टर लावल्यावर गुरगुर थांबली, तर कॅप्सूल परत लावून त्याच्या टोकांना अगदी चिकटून ९०० मेगाहर्ट्झसाठी ३३ पिकोफॅरड आणि १८०० साठी १० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेताना एसएमडीच (बोर्डवर थेट सोल्डर होणारे, बिनपायांचे) मागा. लांब पायांचा डिस्क कपॅसिटर इथे चालत नाही, त्या पायांचा इंडक्टन्सच आड येतो. गेनला हात त्यानंतर.