नाव ठेवणं आणि नावं ठेवणं : रोमा आणि ट्रॅव्हलर समाजांच्या नावांची पार्श्वभूमी

रोमा म्हणजे पूर्वी भारतातून बाहेर पडून युरोपात गेलेला समाज, आणि रोमानी ही त्यांची भाषा. या भाषेत 'रोम' म्हणजे पुरुष, नवरा आणि आपल्या समाजातला माणूस. अनेक जण असले की 'रोमा', बाई असली की 'रोमनी'. बाहेरचा माणूस 'गाजो', बाहेरचे सगळे 'गाजे'. ही आतली नावं. 'जिप्सी', 'त्सिगान', 'त्सिगॉयनर', 'बोहेमियन' ही बाहेरच्यांनी दिलेली, आणि त्यातली बरीचशी पुढे सरकारी नोंदवहीत जाऊन बसली. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचा फरक आहे. युरोपातल्या या समाजांच्या वाट्याला बहुतेक वेळा दोन्ही एकदमच आलं.

'रोम' हा शब्द आला कुठून, याचं उत्तर उच्चारांच्या नियमात आहे. शब्दाच्या आरंभी असलेल्या जुन्या 'ड'चा रोमानीत एक वेगळा 'र' झाला. काही बोलींत तो जास्त कंप देऊन म्हणतात, काहींत घशातून काढतात. शब्दाच्या मध्ये 'ण्ड' आला तर त्याचा 'न्र' झाला. आपलं अंडं त्यांच्याकडे 'आन्रो', आणि आपला मांडा त्यांच्याकडे 'मान्रो', म्हणजे रोजचा पाव. याच वाटेनं 'डोम' किंवा 'डोंब'चा 'रोम' झाला, असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. पश्चिम आशियात याच नावाचे 'डोम' आहेत, आर्मेनियाच्या बाजूला 'लोम'. मराठीत ते मूळ 'डोंबारी' या शब्दात शिल्लक आहे. मात्र यावरून रोमा म्हणजे आपले डोंबारी, असा निष्कर्ष काढता येत नाही. 'डोम' हे नाव भारतीय उपखंडात वेगवेगळा व्यवसाय करणाऱ्या अनेक गटांना लावलं जात होतं. शब्द एका मुळाचा असला म्हणून माणसंही एका घरची ठरत नाहीत. 'रोमा म्हणजे बंजारा' हे समीकरणही असंच. लमाणी बोलीचं जवळचं नातं राजस्थानीशी आहे आणि रोमानी त्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली.

किती आधी, हे सांगायला मराठी उपयोगी पडते. मराठीत तीन लिंगं टिकली. रोमानीत हिंदीसारखी दोनच आहेत. 'पाणी' आणि 'दूध' हे शब्द आपल्याकडे नपुंसकलिंगी, पण रोमानीत 'पानी' आणि 'थुद' पुल्लिंगी. उत्तर भारतातल्या बहुतेक भाषांत नपुंसकलिंग मोडलं ते साधारण इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या अखेरीस, आणि मोडताना ते मुख्यतः पुल्लिंगात मिसळलं. रोमानीतही नेमकं तेच झालेलं दिसतं. म्हणून ही मोड होत असताना रोमानी बोलणाऱ्यांचे पूर्वज भारतातच होते आणि त्यानंतर बाहेर पडले, असा तर्क मांडला जातो. 'रुख' म्हणजे झाड, 'नाख' म्हणजे नाक, 'सप' म्हणजे साप, 'छावो' म्हणजे मुलगा (आपला छावा) हे शब्द ओळखायला मराठी माणसाला कोश लागत नाही. आकडे मोजताना मात्र मध्येच ठेच लागते. येक, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव इथवर सगळं ओळखीचं. मग एफ्ता, ओख्तो, एन्या हे तीन ग्रीक. आणि दहाला पुन्हा 'देश'. रस्त्याचा शब्द 'द्रोम' हाही ग्रीकच. बायझँटाइन साम्राज्याच्या ग्रीकभाषी मुलखात या लोकांचा मुक्काम दीर्घकाळ होता, त्याची ही खूण.

बाहेरची नावं चिकटायला सुरुवात झाली तीही याच मुलखात. तिथे 'अथिंगानोई' नावाचा एक पाखंडी ठरवलेला पंथ होता. त्यांच्यावर ज्योतिष आणि जादूटोण्याचे आरोप असत. भविष्य सांगणारे नवे लोक दिसले तसं तेच नाव त्यांच्यावर सरकलं. त्यातून त्सिगान, सिगान्य, सिगानो, त्सिगॉयनर ही अर्ध्या युरोपातली नावं आली. 'अथिंगानोई'चा अर्थ 'स्पर्श न करणारे' असा होतो, म्हणून आपल्याकडच्या लेखांत त्याचा धागा थेट अस्पृश्यतेला जोडलेला आढळतो. तो जोडू नये. इतरांचा स्पर्श टाळणं हा त्या पंथाचा स्वतःचा आचार होता. भारतातून आलेल्यांच्या जातीशी त्याचा संबंध नव्हता.

'जिप्सी'ची गोष्ट जरा वेगळी आहे. ग्रीसच्या दक्षिण टोकाला मेथोनी हे व्हेनिसच्या ताब्यातलं बंदर होतं, आणि जेरुसलेमला निघालेली यात्रेकरूंची जहाजं तिथे थांबत. तटबंदीबाहेर या लोकांची वस्ती होती आणि त्या जागेला 'छोटा इजिप्त' म्हणत. १४१७ नंतर जर्मन शहरांच्या वेशीवर जे तांडे दिसू लागले ते आपण छोट्या इजिप्तहून आलो आहोत, पापक्षालनासाठी फिरतो आहोत असं सांगत. १४२३ मध्ये राजा सिगिसमुंडनं आजच्या स्लोव्हाकियातल्या स्पिश किल्ल्यावरून त्यांच्यातल्या एका नायकाला संरक्षणाचं पत्र दिलं. १४२७ च्या ऑगस्टमध्ये एक तांडा पॅरिसला पोहोचला. सिगिसमुंड बोहेमियाचाही राजा असल्यानं फ्रेंचांनी पुढे त्यांना 'बोहेमियन' केलं. यात्रेकरूला भिक्षा आणि मुक्काम मिळे, तेव्हा हे नाव काही काळ त्यांच्या उपयोगाचंही होतं. 'जिप्सी' हा निव्वळ युरोपीय अज्ञानाचा विनोद आहे असं म्हणून सोडून दिलं, तर त्यांची ही हुशारी नजरेआड होते. ती फार दिवस चालली नाही, एवढंच. १५३० मध्ये इंग्लंडनं 'इजिप्शियन्स ॲक्ट' करून त्यांना १६ दिवसांत देश सोडायला सांगितलं. १५५४ च्या कायद्यानं महिनाभराहून जास्त राहिल्यास देहदंड ठरवला. ज्या नावानं दार उघडलं होतं, तेच आता कलमात आलं.

यानंतरचा टप्पा म्हणजे नाव पुसणं. १६३३ मध्ये स्पेनच्या चौथ्या फिलिपनं 'हितानो' (स्पॅनिशमधला 'जिप्सी') हा शब्दच वापरायला बंदी घातली. मधल्या काळात, जुलै १७४९ च्या अखेरीस, देशभर एकाच वेळी धरपकड करून हजारो हितानोंना डांबलं गेलं. म्हणजे शब्दाला बंदी होती, पण माणसं कोण ते शिपायांना पक्कं ठाऊक होतं. १७८३ मध्ये तिसऱ्या कार्लोसनं पुन्हा बंदी घातली. हॅब्सबर्ग राज्यात मारिया तेरेसाच्या १७६१ च्या फर्मानानं 'सिगान्य' म्हणायचं नाही, 'नवे हंगेरियन' म्हणायचं असं ठरलं. भटकणं, पोशाख, भाषा यांवर बंधनं आली आणि मुलं काढून शेतकरी कुटुंबांत ठेवली गेली. या सगळ्याला त्या काळी सुधारणा म्हणत. विसाव्या शतकात बल्गेरियानं हेच व्यक्तिनामांपर्यंत नेलं. १९६० च्या दशकापासून मुस्लिम रोमांची नावं बदलून त्यांना स्लाव्ह नावं दिली गेली, आणि १९८४-८५ मध्ये तोच प्रयोग तिथल्या तुर्कांवर झाला.

नाव बदललं तरी फाइल तीच राहते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जर्मनीत सापडतो. १८९९ मध्ये म्युनिक पोलिसांनी 'त्सिगॉयनर' लोकांची माहिती एकत्र करणारा विभाग उघडला. नाझी काळात असल्या नोंदी आणि वंशावळ्या छळछावणीत पाठवायच्या याद्यांच्या कामी आल्या. आउशविट्झमध्ये कैद्यांच्या हातावर क्रमांकाआधी 'त्सिगॉयनर'चं आद्याक्षर गोंदलं जाई. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथला कुटुंबांचा विभाग रिकामा करताना सुमारे ४,३०० जणांना मारलं गेलं. युद्धानंतर बव्हेरियात तो शब्द अडचणीचा झाला, म्हणून १९५३ च्या नियमावलीत 'लांडफारर', म्हणजे मुलूखभर फिरणारे, हा शब्द आला. पोलिसी नोंदणी चालूच राहिली. ही नियमावली १९७० मध्ये रद्द झाली. पश्चिम जर्मनीनं हा वंशसंहार होता हे मान्य केलं १९८२ मध्ये. जेवणाच्या टेबलावरून शब्द निघायला आणखी वेळ लागला: 'त्सिगॉयनर सॉस' विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं बाटलीवरचं नाव बदललं ते २०२० मध्ये.

फ्रान्सची पद्धत अधिक कागदी. १९१२ च्या कायद्यानं 'नोमाद' ठरलेल्या प्रत्येकाला वयाच्या तेराव्या वर्षापासून शरीराची मापं, बोटांचे ठसे आणि छायाचित्र असलेलं पुस्तक बाळगावं लागे, आणि गावात येताना-जाताना त्यावर शिक्का घ्यावा लागे. १९६९ मध्ये पुस्तकाचं स्वरूप बदललं आणि कालांतरानं सरकारी शब्द झाला 'जाँ द्यु व्वायाज', प्रवासातले लोक. या शब्दाला फ्रेंचमध्ये धड एकवचन नाही, म्हणजे एकट्या माणसाला त्यानं हाकच मारता येत नाही. ही पुस्तकं २०१७ च्या जानेवारीत संपली.

आतलं नाव बाहेर आणण्याचा ठरवून केलेला मोठा प्रयत्न एप्रिल १९७१ चा. लंडनजवळ ऑर्पिंग्टन इथे पहिली जागतिक रोमा परिषद भरली. तिथे 'रोमा' हे नाव स्वीकारलं गेलं आणि बाहेरची नावं नाकारली गेली. निळ्या-हिरव्या झेंड्यावर सोळा आऱ्यांचं लाल चाक आलं. परिषदेला भारताचं पाठबळ होतं आणि चंदीगडचे भाषातज्ज्ञ डब्ल्यू. आर. ऋषी तिथे हजर होते. ८ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय रोमा दिवस ठरला तो १९९० च्या, पोलंडमधल्या चौथ्या परिषदेत.

एका नावानं सगळं सुटलं नाही, आणि ते का, हे समजून घ्यायला आतली रचना पाहावी लागते. रोमा समाज अनेक गटांचा आहे आणि बरीच गटनामं धंद्यावरून, तीही यजमान देशाच्या भाषेतून आलेली आहेत. काल्देराश म्हणजे कढया-हंडे करणारे, रुमानियन शब्दावरून. लोवारी घोड्यांचे व्यापारी, हंगेरियन शब्दावरून. उर्सारी अस्वलवाले, लाउतारी वाजंत्री, चुरारी चाळण्या करणारे. जर्मनीतले सिंती स्वतःला रोमांत मोजत नाहीत. तिथल्या संघटनेनं म्हणूनच 'सिंती आणि रोमा' अशी जोडी धरली. स्पेन आणि फिनलंडमधले गट स्वतःला 'काले' म्हणतात. लाकूडकाम करणारे रुदारी पिढ्यान्‌पिढ्या रुमानियनच बोलतात, आणि त्यातल्या अनेकांना रोमा हे नाव मान्य नाही. कोसोव्होत अश्काली आणि 'इजिप्शियन' अशा वेगळ्या ओळखी उभ्या आहेत. तिथे इजिप्त पुन्हा आलं, पण या वेळी लोकांनी स्वतः निवडून.

रुमानियात भांडण अक्षरावर आलं. 'रोम' आणि 'रुमानियन' यांची परदेशात गल्लत होईल म्हणून तिथल्या परराष्ट्र खात्यानं १९९५ मध्ये 'त्सिगान' वापरण्याची सूचना केली. हा शब्द त्या भूमीवर १८५६ पर्यंत गुलामाला लावला जात होता, म्हणून विरोध तीव्र झाला. उपाय म्हणून 'रोम' दोन 'र' घालून लिहायची पद्धत पुढे आली. गल्लत टळावी हा एक हेतू, आणि मघाचा 'ड'पासून झालेला वेगळा 'र' दाखवावा हा दुसरा. सरकारी कागदात 'त्सिगान' परत आणण्याचा आणखी एक प्रस्ताव २०११ मध्ये तिथल्या सिनेटनं फेटाळला.

आयर्लंडचे ट्रॅव्हलर, म्हणजे तिथले भटके लोक, हा तर वेगळाच समाज. भारताशी त्यांचा संबंध नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ते मूळचे आयरिशच असल्याचं आणि काही शतकांपूर्वी इतर आयरिश लोकांपासून वेगळे झाल्याचं दिसलं. स्वतःसाठी त्यांचे शब्द 'मिंकेर' आणि 'पावी'. बाहेरच्यांचा शब्द 'टिंकर', म्हणजे कल्हईवाला-पत्र्याची भांडी करणारा. आज तो शिवीच मानतात. त्यांच्या बोलीला अभ्यासक 'शेल्टा' म्हणतात, बोलणारे 'कँट' किंवा 'गॅमन'. तिच्यात आयरिश शब्द उलटे केलेले सापडतात: 'दोरस' म्हणजे दार, त्याचं 'रोदस', 'मॅक' म्हणजे मुलगा, त्याचं 'काम'. आपल्याकडे मुलं 'च'ची भाषा बोलतात ती खेळ म्हणून. इथे ती घराची आणि धंद्याची भाषा झाली.

१९६३ च्या आयरिश सरकारी अहवालात त्यांना 'इटिनरंट' म्हटलं होतं आणि समस्या सोडवायची म्हणजे त्यांना स्थिर समाजात मुरवायचं असा सूर होता. वेगळा वांशिक समूह म्हणून आयर्लंडनं त्यांना मान्यता दिली ती १ मार्च २०१७ रोजी, संसदेत पंतप्रधानांच्या निवेदनानं. त्यातून नवा हक्क कुठला मिळाला नाही. ज्या कारणांवरून भेदभाव करायला कायद्यानं मनाई आहे, त्यांत 'ट्रॅव्हलर समाज' हे कारण आधीपासूनच होतं. मिळालं ते नाव. २०२२ च्या जनगणनेत ३२,९४९ जणांनी ते लावलं.

ब्रिटनमध्ये न्यायालयं आधी बोलली. एका पबबाहेर 'ट्रॅव्हलरना प्रवेश नाही' अशी पाटी होती. त्या खटल्यात १९८८ मध्ये जिप्सी हा वांशिक समूह ठरला, आणि आयरिश ट्रॅव्हलर २००० मध्ये. घोटाळा झाला तो नियोजनाच्या कायद्यात, म्हणजे कॅराव्हॅन (राहण्याची फिरती गाडी) कुठे उभी करता येईल ते ठरवणाऱ्या कायद्यात. १९६८ च्या कायद्यात 'जिप्सी' म्हणजे 'वंश कोणताही असो, भटकी राहणी असलेले लोक'. म्हणजे एका कायद्यात ओळख जन्मानं आणि दुसऱ्यात फिरण्यानं. २०१५ मध्ये नियोजन धोरणातून कायमचं फिरणं थांबवलेल्यांना वगळलं. म्हातारपण, आजार किंवा मुलांची शाळा यांमुळे थांबलेला माणूस कॅराव्हॅनच्या जागेसाठी जिप्सी उरला नाही, पबच्या दारात मात्र राहिला. २०२२ मध्ये अपील न्यायालयानं हे भेदभावाचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी व्याख्या बदलली. जनगणनेत 'जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर' हा चौकोन २०११ मध्ये आला, 'रोमा' हा वेगळा चौकोन २०२१ मध्ये. तिथले जुने रोमानी लोक, म्हणजे रोमानिचल, स्वतःला अभिमानानं जिप्सी म्हणवतात, त्यामुळे तिथे 'रोमा' लिहिलं तर पूर्व युरोपातून अलीकडे आलेले लोक असा अर्थ होतो.

युरोपीय संघाच्या कागदांत मात्र 'रोमा' हीच छत्री आहे आणि तिच्याखाली सिंती, काले, ट्रॅव्हलर सगळे येतात. अनुदानाचे मथळे लिहायला ते सोयीचं आहे. त्या छत्रीखालचा आकडा उचलून 'भारतीय वंशाचे इतके लोक' असं लिहिलं, की आयरिश ट्रॅव्हलरही भारतीय होऊन बसतात. मराठी बातम्यांत हे घडतं.

मराठीत लिहिताना आणखी काही जागा सांभाळाव्या लागतात. समाज 'रोमा', भाषा 'रोमानी', देश 'रुमानिया' आणि त्याची भाषा 'रुमानियन'. रोम शहराचा 'रोमन' यातला कुणीच नाही. 'ट्रॅव्हलर'चं भाषांतर 'प्रवासी' केलं की बसस्टँड डोळ्यासमोर येतो. इंग्रजीत मोठं आद्याक्षर काढून हा फरक दाखवतात, देवनागरीला ती सोय नाही, म्हणून शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे 'ट्रॅव्हलर समाज' लिहावं. जुन्या कायद्याचं किंवा खटल्याचं नाव देताना 'जिप्सी', 'इजिप्शियन', 'त्सिगॉयनर' बदलू नये, नाहीतर कोणी कोणाला काय म्हटलं तेच हरवतं. माणूस स्वतःला हितानो किंवा जिप्सी म्हणवत असेल तर त्याच्या तोंडचा शब्द दुरुस्त करून 'रोमा' करू नये. गटाचं नाव ठाऊक असेल, तर काल्देराशला काल्देराशच लिहावं.