दूरसंचार नियमन
दूरसंचार नियमन : तार, दूरध्वनी, मोबाइल आणि इंटरनेट या सेवा कोणी, कोणत्या अटींवर व कोणत्या दराने पुरवाव्यात हे ठरवणारी कायद्याची आणि प्रशासनाची व्यवस्था. परवाने देणे, दर ठरवणे वा तपासणे, रेडिओ लहरींचे वाटप, क्रमांकांची योजना, सेवेचा दर्जा आणि एका कंपनीचे जाळे दुसरीच्या जाळ्याला जोडून देण्याच्या अटी, म्हणजेच आंतरजोडणी, ही तिची मुख्य अंगे होत. १९८० नंतर अनेक देशांनी सरकारी वा खाजगी मक्तेदारी मोडून स्पर्धेला वाट दिली. या बदलांना ‘दूरसंचार सुधारणा’ म्हणतात. त्यांना नियंत्रणमुक्ती म्हणण्याचाही प्रघात आहे. तो मात्र दिशाभूल करणारा आहे. सरकारी मक्तेदारीत मालक, सेवादाता आणि नियंत्रक एकच असल्याने लेखी नियम थोडके होते. स्पर्धक आले तसे नियम वाढले आणि त्यांतील बहुतेक आंतरजोडणीभोवतीचे आहेत.

उगम : नियमनाचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काही लेखक १७ मे १८६५ रोजी पॅरिस येथे वीस राष्ट्रांनी केलेल्या आंतरराष्ट्रीय तार करारापासून सुरुवात करतात. त्यातून उभ्या राहिलेल्या संघाला १९३२ च्या माद्रिद परिषदेत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ हे आजचे नाव मिळाले. पण तो राज्यांचा आपसांतला समझोता होता. कंपन्यांवरील अंकुश नव्हे. ब्रिटनने १८७० मध्ये खाजगी तार कंपन्या टपाल खात्याकडे घेतल्या. तेही राष्ट्रीयीकरण होते, आजच्या अर्थाचे नियमन नव्हते. स्वतंत्र मंडळाने खाजगी कंपनीच्या दरांवर देखरेख ठेवावी ही कल्पना १९०७ च्या सुमारास न्यूयॉर्क व विस्कॉन्सिन या अमेरिकी राज्यांतील लोकोपयोगी सेवा आयोगांत दिसते. १९१० च्या मान-एल्किन्स कायद्याने रेल्वेवर देखरेख करणाऱ्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे तार व दूरध्वनीही सोपवले. नियमनाचा आरंभ याच काळात मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ब्रिटनमधला १८८० सालचा एक निकाल मात्र या कालगणनेत बसत नसला तरी दूरगामी ठरला. दूरध्वनी हा कायद्याच्या दृष्टीने ‘तार’च आहे, असे न्यायालयाने एडिसन टेलिफोन कंपनीविरुद्धच्या खटल्यात ठरवले. ज्या १८६९ च्या कायद्याचा आधार घेतला गेला, तो झाला तेव्हा दूरध्वनीचा शोधही लागलेला नव्हता. त्यामुळे टपाल खात्याचा एकाधिकार आपोआप नव्या यंत्रावर पसरला. भारताच्या १८८५ च्या तार कायद्यातील ‘तार’ या शब्दाची व्याप्तीही अशीच ताणली गेली. त्याच्या चौथ्या कलमाने तार चालवण्याचा अधिकार केवळ सरकारकडे ठेवला, पण परवाना देऊन तो दुसऱ्यास देण्याची मुभा एका परंतुकात होती. शतकानंतर भारतात खाजगी मोबाइल कंपन्या आल्या त्या याच परंतुकाच्या आधारे.

‘सार्वत्रिक सेवा’ या संज्ञेचा वाद : नियमनाच्या वाङ्मयात या संज्ञेइतका गोंधळ दुसऱ्या कशाने क्वचितच केला असेल. ए. टी. अँड टी. या अमेरिकी कंपनीचे अध्यक्ष थिओडोर वेल यांनी १९०८ च्या सुमारास ‘एक यंत्रणा, एक धोरण, सार्वत्रिक सेवा’ ही घोषणा जाहिरातींतून रूढ केली. घरोघरी परवडणारा दूरध्वनी पोहोचवण्याचे हे वचन होते, त्याच्या मोबदल्यात शासनाने मक्तेदारी मान्य केली आणि १९३४ च्या दळणवळण कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले, असे अनेक संदर्भग्रंथांत आढळते.

अमेरिकी अभ्यासक मिल्टन म्युलर यांनी हा समज खोडून काढला आहे. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची मूळ एकस्वे (पेटंट) १८९३ व १८९४ मध्ये संपली आणि शेकडो स्वतंत्र कंपन्या निघाल्या. १९०७ च्या आसपास अमेरिकेतील जवळपास निम्मे दूरध्वनी बेल यंत्रणेबाहेरचे, म्हणजे ए. टी. अँड टी. व तिच्या सहकंपन्यांबाहेरचे होते. त्यांच्या तारा बेलच्या तारांना जोडलेल्या नसत. एकाच गावात दोन केंद्रे चालत आणि व्यापाऱ्याला सर्व गिऱ्हाइकांशी बोलायचे तर दोन कंपन्यांचे दोन दूरध्वनी ठेवावे लागत. या पार्श्वभूमीवर वेल यांच्या घोषणेतील ‘सार्वत्रिक’ म्हणजे कोणत्याही ग्राहकाला कोणत्याही ग्राहकाशी जोडणारे एकच जाळे. गरिबाला स्वस्त दूरध्वनी, हा अर्थ नंतरचा. १९३४ च्या कायद्यात ‘सार्वत्रिक सेवा’ हा शब्दप्रयोगच नाही. प्रास्ताविक कलमात शक्य तेथवर सर्व लोकांना सेवा मिळावी एवढाच उल्लेख आहे. संघराज्याच्या दूरसंचार कायद्यात ही संज्ञा तत्त्व म्हणून व्याख्येसह आली ती १९९६ मध्ये.

या मताला आक्षेप असा की नाव नसले तरी धोरण आधीपासून होते. १९४९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची कर्जे दूरध्वनीलाही मिळू लागली आणि लांब पल्ल्याच्या कॉलमधून मिळणारा पैसा स्थानिक सेवेकडे वळवण्याची रीत दुसऱ्या महायुद्धानंतर वाढत गेली. हा आक्षेप रास्त आहे. शब्दाच्या इतिहासापुरते म्युलर यांचे मत ग्राह्य धरावे. प्रत्यक्ष व्यवहाराची मुळे मात्र त्यांनी मानल्यापेक्षा जुनी दिसतात.

१९ डिसेंबर १९१३ च्या किंग्जबरी वचनपत्राविषयीही असाच मतभेद आहे. त्यात ए. टी. अँड टी.ने वेस्टर्न युनियन या तार कंपनीतील आपला वाटा सोडण्याचे, प्रतिस्पर्धी कंपन्या परस्पर विकत न घेण्याचे आणि स्वतंत्र कंपन्यांना लांब पल्ल्याच्या तारा जोडून देण्याचे मान्य केले. जुने लेखक याला स्पर्धेचा विजय मानतात. परंतु जोडणी लांब पल्ल्यापुरती होती. एकाच गावातील दोन प्रतिस्पर्धी केंद्रे एकमेकांना जोडण्याची सक्ती त्यात नव्हती. १९२१ च्या विलिस-ग्रॅहम कायद्याने विलीनीकरणांना मोकळीक दिल्यावर दुहेरी सेवा ओसरत गेली.

मक्तेदारीचा शेवट : अमेरिकेत तडे प्रथम ग्राहकाच्या यंत्रापाशी गेले. बाहेरच्या कंपनीचे उपकरण बेलच्या तारेला जोडता येते, हे १९५६ चा हश-ए-फोन निकाल आणि १९६८ चा कार्टरफोन निर्णय यांनी प्रस्थापित केले. फॅक्स, मोडेम आणि पुढे घरगुती इंटरनेट यांची वाट याच निर्णयांनी मोकळी झाली. १९७४ मध्ये दाखल झालेला मक्तेदारीविरोधी खटला जानेवारी १९८२ मध्ये तडजोडीने मिटला आणि १ जानेवारी १९८४ रोजी ए. टी. अँड टी.पासून सात प्रादेशिक कंपन्या वेगळ्या झाल्या. त्यांपैकी एकीने, एस. बी. सी.ने, २००५ मध्ये मूळ ए. टी. अँड टी. विकत घेऊन तिचेच नाव धारण केले.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. १९८२ मध्ये मर्क्युरी या एकाच स्पर्धकाला परवाना मिळाला, १९८४ च्या कायद्याने ऑफटेल हे नियामक कार्यालय निघाले आणि त्याच वर्षी ब्रिटिश टेलिकॉमचे निम्म्याहून किंचित जास्त भाग विकले गेले. कंपनी अखंड ठेवली. दरांसाठी अर्थतज्ज्ञ स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये सुचवलेले सूत्र स्वीकारले : किरकोळ किंमत निर्देशांकातील वाढीतून ‘क्ष’ टक्के वजा करून उरेल तेवढीच सरासरी दरवाढ. आरंभी क्ष ३ होता, १९९३ पर्यंत तो ७.५ झाला. हे सूत्र पुढे वीज, पाणी व गॅस यांनाही लागू झाले. द्विमक्तेदारी १९९१ च्या फेरविचारानंतर संपली. ऑफटेलचे काम २००३ अखेर ऑफकॉमकडे गेले आणि २००६ मध्ये तारांचा कारभार ओपनरीच या वेगळ्या विभागाकडे आला.

जपानने १९८५ मध्ये एन. टी. टी. या सरकारी दूरध्वनी मंडळाचे कंपनीत रूपांतर केले. युरोपीय समुदायाने १९८७ च्या हरितपत्रिकेपासून, म्हणजे धोरणविषयक चर्चापत्रापासून, टप्प्याटप्प्याने पुढे सरकत १ जानेवारी १९९८ पासून बहुतेक सदस्य देशांत ध्वनिसेवाही खुली केली.

आंतरजोडणीचा दर : नव्या कंपनीचे ग्राहक थोडे असतात. त्यांना जुन्या कंपनीच्या लाखो ग्राहकांशी बोलता आले नाही, तर तिचा परवाना कागदावरच राहतो. उलट जुन्या कंपनीला जोडणी देण्यात तातडीचा लाभ काहीच नसतो. त्यामुळे दर आपसांत ठरू द्यावा म्हटले की तो ठरतच नाही, किंवा नव्याला झेपणार नाही असा ठरतो.

याची सर्वांत स्वच्छ परीक्षा न्यूझीलंडमध्ये झाली. तेथे १ एप्रिल १९८९ रोजी बाजार पूर्ण खुला झाला, १९९० मध्ये टेलिकॉम ही सरकारी कंपनी विकली गेली, आणि दूरसंचारासाठी वेगळा नियामक न नेमता १९८६ च्या सर्वसाधारण वाणिज्य कायद्यावर भिस्त ठेवली गेली. क्लिअर या नव्या कंपनीला जोडणी देताना टेलिकॉमने विल्यम बॉमोल व रॉबर्ट विलिग या अर्थतज्ज्ञांचा नियम पुढे केला. त्याचे गणित असे : जुनी कंपनी एका कॉलमागे १० एकक घेते. त्यात स्थानिक तारेचा खर्च २, पुढील वहनाचा खर्च ४ व शिल्लक ४ आहे. स्पर्धकाला तार दिल्यास ही शिल्लक बुडते, म्हणून तारेचे भाडे २ अधिक ४, म्हणजे ६ असावे. पुढील वहन ४ पेक्षा कमी खर्चात करू शकणाराच मग बाजारात टिकेल आणि अकार्यक्षम कंपन्या गळतील. तर्क बिनचूक आहे. पण शिल्लक राहिलेले ४ हे मक्तेदारीतून उकळलेले असतील, तर नियम तेही अबाधित ठेवतो. स्पर्धा येते, ग्राहकाचा दर मात्र १० च राहतो.

वाद उच्च न्यायालय, अपील न्यायालय आणि अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे न्यूझीलंडच्या तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयापर्यंत गेला. कौन्सिलने ऑक्टोबर १९९४ मध्ये टेलिकॉमच्या बाजूने कौल दिला : हा नियम वापरणे म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर नव्हे, दरात मक्तेदारीचा नफा दडला असेल तर त्यावर उपाय किंमत-नियंत्रणाच्या तरतुदींत शोधावा. न्यायालय हो किंवा नाही सांगू शकते, दर ठरवून देऊ शकत नाही, हे यातून दिसून आले. न्यूझीलंडने २००१ च्या कायद्याने दूरसंचार आयुक्त नेमला आणि २०११ मध्ये टेलिकॉमपासून तारांचे जाळे तोडून कोरस ही निराळी कंपनी केली. वेगळ्या नियामकाविना चालेल या मताचे समर्थक त्या काळातील दरकपातीकडे बोट दाखवतात. पण ज्या देशाने प्रयोग केला त्यानेच तो सोडला, ही बाब त्यांच्या युक्तिवादाहून वजनदार आहे.

बहुतेक देशांनी पुढे दीर्घकालीन वाढीव खर्चावर, म्हणजे ती जास्तीची सेवा पुरवण्यास दीर्घ मुदतीत जेवढा अधिक खर्च येतो तेवढ्यावर, आधारलेला दर स्वीकारला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ही पद्धत वैध ठरवली. तरी जाळ्याचे सुटे भाग स्पर्धकांना भाड्याने देण्याची तेथील सक्ती न्यायालयीन निकालांमुळे आक्रसत गेली. युरोपात ती टिकली.

आंतरराष्ट्रीय करार : १५ फेब्रुवारी १९९७ रोजी जागतिक व्यापार संघटनेत ६९ शासनांनी मूलभूत दूरसंचार सेवा खुल्या करण्याची वचने दिली, ती ५ फेब्रुवारी १९९८ पासून अमलात आली. सोबतच्या संदर्भपत्रात खर्चाधारित आंतरजोडणी व स्वतंत्र नियामक यांचा समावेश आहे. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा : नियामक सेवादात्यांपासून वेगळा असावा असे हे पत्र म्हणते, मंत्रालयापासून वेगळा असावा असे म्हणत नाही. मेक्सिकोच्या आंतरराष्ट्रीय कॉलच्या दरांवरून अमेरिकेने आणलेल्या तक्रारीत २००४ मध्ये निवाडा समितीने हे दर खर्चाधारित नसल्याचे ठरवले.

भारत : १९९४ च्या धोरणाने खाजगी कंपन्यांना वाव दिला, नियामक प्राधिकरण (ट्राय) मात्र १९९७ मध्ये आले. खेळ आधी आणि पंच नंतर, या क्रमाची किंमत पुढची अनेक वर्षे मोजावी लागली. १९९८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवाना देणाऱ्या सरकारवर ट्रायचा आदेश बंधनकारक नसल्याचे ठरवले. २००० च्या दुरुस्तीने तंटे सोडवण्याचे काम वेगळ्या अपील न्यायाधिकरणाकडे दिले. २००३ मध्ये येणाऱ्या कॉलचा भार मोबाइलधारकावरून उतरला आणि कॉल करणाऱ्याची कंपनी दुसऱ्या कंपनीला कॉल पोहोचवल्याबद्दल शुल्क देऊ लागली. २००९ मध्ये हे शुल्क मिनिटाला २० पैसे, २०१५ मध्ये १४, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे होते. १ जानेवारी २०२१ पासून ते शून्य झाले. जुन्या कंपन्यांच्या दृष्टीने हा उत्पन्नावरचा घाला होता, नव्या कंपनीच्या दृष्टीने प्रवेशातील अडथळा दूर झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले आणि २४ ऑक्टोबर २०१९ च्या निकालाने, ज्या महसुलावर परवाना शुल्क आकारले जाते त्याची व्याख्या सरकारच्या बाजूने लावली. या दोन्ही निकालांनी बाजाराची रचना धोरणपत्रांहून अधिक बदलली. १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

इतर देश : चिलीने १९९४ नंतर ग्रामीण सार्वजनिक दूरध्वनींसाठी सर्वांत कमी अनुदान मागणाऱ्या कंपनीला काम देण्याची लिलाव-पद्धत वापरली, पेरूसह इतर देशांनी ती उचलली. दक्षिण आफ्रिकेत २००० मध्ये दूरसंचार व प्रसारण यांचे नियामक एकत्र केले गेले. चीनमध्ये २००८ च्या पुनर्रचनेनंतर तीन सरकारी कंपन्या उरल्या.

लहरींचे वाटप : लहरी विकाव्यात हे अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्ये सुचवले होते. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यानंतर व अमेरिकेने जुलै १९९४ मध्ये असे लिलाव सुरू केले. ब्रिटनच्या २००० सालच्या लिलावात सुमारे २२.५ अब्ज पौंड आले.

इंटरनेटवर जुना वाद : दक्षिण कोरियाने २०१६ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या परस्पर वाहतुकीला पाठवणाऱ्याने पैसे भरण्याचा नियम लावला. त्यानंतर आशय पुरवणाऱ्या कंपन्यांनीही जाळ्याचे भाडे द्यावे, अशी मागणी तेथे आणि युरोपात झाली. युरोपीय नियामकांच्या मंडळाने ऑक्टोबर २०२२ च्या प्राथमिक मतात अशा शुल्काला पुरेसा आधार नसल्याचे म्हटले. कोरियातील एस. के. ब्रॉडबँड व नेटफ्लिक्स यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये समझोता करून परस्परांवरील दावे मागे घेतले. त्यामुळे जाळे वापरल्याचे भाडे आशय पुरवणाऱ्याकडून घेता येते का, यावर तेथील वरिष्ठ न्यायालयाचा निकाल आलाच नाही.